चोवीस तासांच्या बाईचे मालक : एक परिचय

चोवीस तासांची बाई ठेवणारा मध्यमवर्गीय मालक मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत विपुल आढळतो. स्वभावाने तो निरुपद्रवी, मताने पुरोगामी आणि आवाजाने सौम्य असतो. बाईला तो नोकर म्हणत नाही. ‘आमच्याकडे एक मुलगी असते, घरच्यासारखीच’ असे सांगतो. घरच्यासारखी ही मुलगी सोफ्यावर का बसत नाही, असे मात्र कोणी विचारू नये. नमुना पाहायचा असल्यास प्रस्तुत लेखकाचे घर अभ्यासकांना खुले आहे. येताना चपला बाहेर काढाव्यात, लादी नुकतीच पुसलेली असते.

परगावचे माणूस घरकामाला ठेवण्याची मुंबईची रीत जुनी आहे. एके काळी हे माणूस बहुधा रत्नागिरीकडचा पुरुष असे. त्याचे नाव धोंडू असो वा गणू, बड्या घरांत त्याला सरसकट ‘रामा’ म्हणत. आजच्या मराठी मालकांपैकी पुष्कळांचा कोणी आजा-पणजा असाच बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरलेला असतो. घराण्याच्या इतिहासात त्याची नोंद ‘मुंबईस नोकरीला होते’ एवढीच असते. कोणाकडे, हे लिहायला जागा पुरत नाही.

आता बाई झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा किंवा आसामातून येते. ती ओळखीने मिळते किंवा एजन्सीकडून. एजन्सी आधी कमिशन घेते आणि बाई टिकली नाही तर बदली देण्याची हमी देते. मिक्सरच्या वॉरंटीप्रमाणे या हमीचा कागदही गरजेच्या वेळी सापडत नाही. मग आधार कार्ड, फोटो, पोलीस पडताळणी. बाई बंगाली बोलत असेल तर कागद दोनदा पाहिले जातात, मालक सत्यजित राय यांचा भक्त असला तरी. मालकाची पडताळणी करून घेण्याची सोय बाईला कुठेच नाही.

यानंतरचा टप्पा घडीच्या पोळीचा. हा विषय विस्ताराने पाहणे भाग आहे. कणीक सैलसर भिजवून, तेलाचा हात लावून झाकून ठेवावी. उंडा पुरीएवढा लाटून त्यावर तेल लावावे, पीठ भुरभुरावे, अर्धी घडी, पुन्हा घडी. मग कडेकडेने लाटत जावे; मध्ये जाड राहिली तर पोळी, आणि कडा जाड राहिल्या तर घराण्याचे नाव गेले. तव्यावर पदर सुटले पाहिजेत आणि दुपारी डब्यातही ती मऊ राहिली पाहिजे. हे सर्व झारखंडातल्या गुमला जिल्ह्यातून आलेल्या मुलीला मोडक्या हिंदीत समजावण्याचे काम घरातल्या ज्या पुरुषाने आयुष्यात लाटणे धरलेले नाही, तोच सर्वांत हिरिरीने करतो. पोळी उजेडाकडे धरून तो पदर तपासतो. त्याच्या आजीच्या पोळीतून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येत असे. आजीला वाचता येत नसल्याने याची खातरजमा झालेली नाही. महिन्याभरात पदर सुटतात आणि पाहुण्यांसमोर जाहीर होते, ‘आली तेव्हा हिला काही येत नव्हतं. सगळं आम्ही शिकवलं.’

भाताची लावणी, मोहाची फुले वेचणे, पावसाळ्यात सालाच्या झाडाखालच्या मातीतली रुगडा नावाची अळंबी नेमकी हेरणे, हे तिला येत असते. त्याची चौकशी प्रस्तुत लेखकाच्या घरात झालेली नाही. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर ती ओट्याशी उभी राहून कुकरच्या तळाचा भात, मीठ आणि हिरवी मिरची खाते. पोळ्यांची चळत लाटूनही स्वतः एकही घेत नाही. मालकाला यात पोळीचा अपमान दिसतो.

पगार ‘खाऊन-राहून’ ठरतो. राहण्याची जागा म्हणजे हॉल. फ्लॅटच्या नकाशावरच्या ‘सर्व्हंट रूम’मध्ये सूटकेसी आणि आकाशकंदील राहतात. शेवटचा माणूस टीव्ही बंद करतो तेव्हा तिची रात्र सुरू होते आणि दूधवाल्याच्या बेलला संपते. जोडून सुट्ट्या साधण्यात मालक पटाईत असतो, पण बाईचा एक खाडा झाला की घरात राष्ट्रीय आपत्ती येते.

कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती आणि स्वतःची ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यात आहे. भारताने बाजूने मत दिले; अनुसमर्थन मात्र केलेले नाही. मालकांच्या स्वभावाशी हे जुळणारे आहे.

बाहेर पडताना बाईला आत ठेवून कुलूप लावणारी घरे आहेत. फोन काढून घेणारी आहेत. पगार ‘आमच्याकडे सुरक्षित आहे’ म्हणून वर्षभर न देणारीही आहेत. कारखान्यात निरीक्षक येऊ शकतो. फ्लॅटचे दार आतून बंद झाले की त्या मुलीच्या आणि मालकाच्या मर्जीच्या मध्ये कोणी उरत नाही. अशा घरांतली माणसे राक्षस नसतात. तीही पुरोगामी असतात आणि सौम्य आवाजात बोलतात.

शेवटचा टप्पा गावी जाण्याचा. मालक परतीचेही तिकीट काढून देतो, जुने कपडे देतो आणि निघताना पिशवी नजरेखालून घालतो. ठरल्या तारखेला ती परतत नाही. मग वॉचमनकडून कळते की तिने पलीकडच्या इमारतीत काम धरले आहे. तिथे पगार जास्त आहे, झोपायला खोली आहे. मालकाने स्वतः याच कारणांसाठी नोकऱ्या बदललेल्या असतात आणि बायोडेटात ते अभिमानाने नोंदवलेले असते. बाईने तेच केले की त्याला कृतघ्नपणा म्हणतात.