घरगुती बिअर : बुलढाणा जिल्ह्यातील होतकरूंसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका ज्याच्यासाठी लिहिली आहे, तो माणूस ओळखायला सोपा आहे. पुण्यात काही वर्षं नोकरी, तिथल्या मायक्रोब्रुअरीत शनिवारची हजेरी, मग घरून काम करायची सोय लागली म्हणून चिखलीला किंवा मेहकरला मुक्काम; आणि एका रिकाम्या दुपारी मोबाइलवर कोणा दाढीवाल्या गोऱ्या गृहस्थाचा व्हिडिओ. गृहस्थ तळघरात उभा राहून सांगतो की बिअर करणं कोणालाही जमतं. बोलताना बुलढाणा जिल्हा त्याच्या नजरेसमोर नव्हता. ती उणीव इथे भरून काढली आहे.

कायदा

घाई असेल त्याने बाकी सगळं सोडलं तरी चालेल, हा भाग सोडू नये.

महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचं मूळ नाव मुंबई दारूबंदी कायदा, साल १९४९. तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात नव्हता, मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. या कायद्याखाली विदेशी मद्य पिण्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, वर्षाचा शंभरात आणि जन्मभराचा हजारात. पिण्याची इतकी स्वस्त सोय करणाऱ्या सरकारने घरी बिअर करण्याचा परवाना मात्र ठेवलेलाच नाही. मायक्रोब्रुअरीचा आहे, पण तो धंद्यासाठी. २००९ साली पुण्यात ‘डुलाली’ निघाली ती त्याच वाटेने. तुमच्या न्हाणीघराशेजारच्या खोलीला ती वाट नाही. विनापरवाना मद्य तयार करणं कलम ६५ मध्ये बसतं आणि त्यात तुरुंग आणि दंड दोन्ही आहेत.

व्हिडिओतल्या गृहस्थाचं बरं आहे. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली, अमेरिकेने १९७८ साली कायदा करून मोकळीक दिली. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं तरी २०१३ पर्यंत अडून बसली होती. म्हणजे कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे आणि तुमच्या समोर.

तेव्हा प्रस्तुत लेखक पुढे जे सांगणार आहे, ते कसं करतात ते सांगणार आहे. करा असं सांगणार नाही. स्वयंपाकाचे कार्यक्रम बघून आपण जेवढा स्वयंपाक करतो, तेवढंच इथे अपेक्षित आहे.

साहित्य

परदेशी पुस्तकांत साहित्याची यादी चार पानांची असते. मराठीत ती एका परिच्छेदात मिळते आणि जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून छापूनही येते. फक्त मथळा ‘हातभट्टीवर छापा’ असा असतो. प्लास्टिकच्या कॅन, टिनाचे पिपे, जर्मनचा गंज, रबरी नळी, जळाऊ लाकूड आणि अमुक इतके लिटर सडवा मोहामाच. आता व्हिडिओतली यादी घ्या : फर्मेंटर, केटल, सायफन, बर्नर, मॅश. वस्तू त्याच. फरक एवढाच की तिकडची यादी खरेदी करताना करतात आणि इकडची दोन पंचांसमक्ष, मुद्देमाल जागीच नष्ट करण्यापूर्वी. हातभट्टीवाला पुढे ऊर्ध्वपातन करतो, बिअरवाला आंबवण्यावर थांबतो, हा भेद खरा आहे. पण तो पंचांना समजावून सांगायची वेळ आली म्हणजे उशीर झालेला असतो.

पाणी

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे इथे जरा थांबावं लागेल. शिवाय एक लिटर बिअर करायला भांडी धुणं, थंड करणं, पुन्हा धुणं धरून कारखान्यालाही कित्येक लिटर पाणी लागतं. नवशिक्याला त्याहून जास्त, कारण नवशिक्या धुतो फार. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिकडच्या मद्य कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं. आपल्या गल्लीत खंडपीठ नाही, पण नळाला पाणी यायच्या दिवशी तुम्ही गच्चीवर पिपं विसळताना दिसलात तर निकाल त्याहून लवकर लागेल.

पाण्याच्या गुणाबद्दल जिल्हा मात्र श्रीमंत आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, नांदुरा भागात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी वर्षानुवर्षं लोकांनी शिव्या देत प्यायलं. जर्मनीत लाइपझिगकडे ‘गोझे’ नावाची आंबट-खारट बिअर करतात आणि तिच्यात मीठ मुद्दाम घालतात. आपल्याकडे ते विहिरीतच घातलेलं आहे. या गुणाचं मार्केटिंग अजून कोणी केलेलं नाही, आणि ते पाणी पिऊन मूतखडा झालेल्यांना ते ऐकवायलाही जाऊ नये.

लोणारचा विचार डोक्यात येईल. काढून टाका. उल्केने केलेल्या त्या विवरातलं पाणी इतकं अल्कधर्मी की पीएच दहाच्या आसपास जातो. धान्य भिजवून त्यातल्या पिठाची साखर करायची तर पीएच ५.२ ते ५.६ लागतो. शिवाय २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, त्याचा आणि गुलाबी वाइनचा संबंध जोडू नये. ते रामसर स्थळ आहे. तिथून कॅन भरून आणली तर पंच वन खात्याचे असतील.

राहिलं येळगाव धरणाचं पाणी. ते बुलढाणा शहराला पुरेल तेव्हा पुढचं बोलू.

धान्य

बिअर जवाची. जव आपल्याकडे पिकत नाही. सोयाबीन, तूर, कापूस आणि उरलीसुरली ज्वारी पिकते. जव मागवावे लागतील, तेही मोड आणून वाळवलेले, ज्याला माल्ट म्हणतात. धान्य अंकुरलं की त्यात पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. ती जिवंत राहतील इतपतच वाळवायचं, मग भरडायचं आणि पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पाणी उकळलं तर द्रव्यं मरतात आणि तुमच्याकडे जवाची पेज उरते. पेजेवर कोणतंही कलम नाही.

हौशी माणूस इथे म्हणतो, मोड मीच आणतो. म्हणून जव भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी आजीने झाकण उचललं.

‘काऊन रे बापा, हे काय सडू घातलं? कुरडया करून राह्यला काय? जवाच्या कुरडया होत नाहीत.’

‘मोड आणून राह्यलो, आजी.’

‘मंग उसळ करजो. फेकू नोको.’

आजीच्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नका, तिला या विषयात तुमच्याहून जास्त कळतं. दर उन्हाळ्यात ती गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते, वाटून गाळून चीक काढते. आंबलं किती ते ती वासावर सांगते. तिच्याकडे थर्मामीटर नाही, पीएचच्या पट्ट्या नाहीत, आणि वासात बारीक फरक पडला की ‘आज नाही घालायचं’ असं म्हणून सगळ्या गल्लीचा कार्यक्रम उद्यावर ढकलायचा अधिकार आहे. व्हिडिओतला गृहस्थ हेच ज्ञान ‘सॅनिटायझेशन आणि सेन्सरी इव्हॅल्युएशन’ म्हणून शिकवतो आणि शुल्क घेतो.

ज्वारीची बिअर होते का? होते. आफ्रिकेत शतकानुशतकं होते, आणि नायजेरियाने १९८८ साली जव आयातीवर बंदी घातल्यावर तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी धरली. पण इथे विनोद बाजूला ठेवून एक सूचना : ज्वारीच्या कोवळ्या अंकुरात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळ्या पिकात गुरं शिरली की शेतकरी काठी घेऊन धावतो ते नुसतं पिकाच्या काळजीने नाही. मोडाच्या ज्वारीचे कोंब आणि मुळं वाळवून चोळून काढून टाकावी लागतात. हे व्हिडिओत सांगत नाहीत, कारण त्या गृहस्थाने गुरं पाळलेली नाहीत.

हॉप्स. कडवटपणासाठी घालतात, भारतात लाहौलच्या खोऱ्यात लावतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भांगेच्या कुळातले आहेत. कुरिअरवाल्याने पाकीट हुंगलं तर कुळाबद्दल काही बोलू नका.

यीस्ट आणि मे महिना

साधं बिअरचं यीस्ट अठरा ते बावीस अंशांत सुखी असतं. लागरचं तर दहा-बारात. मलकापूर, खामगावला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. यीस्टला उकडलं की ते भलतीसलती अल्कोहोलं आणि वासाची द्रव्यं सोडतं. बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास येतो आणि सकाळी डोकं धरून बसावं लागतं. घाटावरच्या बुलढाणा गावात हवा थोडी बरी. म्हणून तुम्ही जुना फ्रिज त्यासाठी रिकामा करायचं ठरवता. त्या फ्रिजमध्ये आंब्याचा रस, दोन घरांचं दही आणि कोणाची तरी इन्सुलिन असते. ठराव नामंजूर होतो. मंजूर झाला तरी भारनियमन आहेच.

यावर उपाय आहे आणि तो, विश्वास ठेवा, नॉर्वेतून येतो. तिथल्या शेतकरी घरांत ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं, लाकडाच्या कड्यांवर वाळवून, आपल्याकडे शेजारणीकडून विरजण आणतात तसं एकमेकांना देऊन. बर्फाच्या देशातलं हे यीस्ट पस्तीस ते चाळीस अंशांत झपाट्याने काम करतं. निसर्गाने ते मलकापूरच्या मे महिन्यासाठी घडवलं आणि पत्ता चुकून नॉर्वेला टाकलं. ‘आंबवताना उबदार जागी ठेवा’ अशी त्याची सूचना असते. जिल्ह्यात पाळता येईल अशी या सगळ्या व्यवहारातली ही एकमेव सूचना.

अंदाज

आंबायला घातल्यावर बिअर झाली की नाही, हे हायड्रोमीटर सांगतो. आधी घनता १.०५०, नंतर १.०१०, फरक ०.०४०, त्याला १३१.२५ ने गुणायचं, म्हणजे सव्वापाच टक्के अल्कोहोल. हायड्रोमीटर काचेचा असतो आणि तो फुटतो. मग काय?

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं. रात्रभर तिथे कोणी जायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं, ते पाहून वर्षाचं भाकीत. पिकाचं, पावसाचं, पानविड्यावरून राजाचं. घरगुती बिअरवाला याहून वेगळं काही करत नाही : तोही पिपावर काहीबाही मांडून झोपतो आणि पहाटे बुडबुडे मोजतो. फरक म्हणजे भेंडवळला ऐकायला पंचक्रोशीतले शेतकरी जमतात, आणि तुमचं भाकीत ऐकायला घरातलं कोणीही तयार नसतं.

बाटल्या

बाटलीत भरताना दर लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खाऊन वायू करतं आणि फेस येतो. चहाच्या सवयीने साखर घातली तर बाटली फुटते. रात्री फुटली तर शेजारी आधी बाहेर येतात, मग विचारतात.

बाटल्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. यावर जिल्ह्यातल्या गावागावांत दुसरं मत आहे. दारूचं दुकान बंद करायला महिलांचं मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते, आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडवी निवडली की दुकानाला कुलूप. ज्या घरात अशा मतदानाला गेलेली सासू, नणंद किंवा काकू आहे, तिथे साठवणुकीच्या शास्त्रावर चर्चा काढू नये.

सुधारित कृती

इथवर आलेल्या वाचकाच्या हातात काय उरलं? भिजवलेलं धान्य, उकाडा, आजी आणि कलम ६५. एवढ्या साहित्यात आंबील होते.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला वऱ्हाडात ती लागतेच. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून रात्रभर ठेवा. सकाळी पाण्याचं आधण ठेवून त्यात जिरं, आलं, मिरची, मीठ टाका, आंबलेलं पीठ हळूहळू सोडा आणि गुठळी होऊ न देता ढवळत शिजवा. कायद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव येतो आणि आंबवलं की त्याचा अंश कुठेही निघू शकतो. पण औषधी आसवांची सोडवणूक सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात केली आणि महालक्ष्म्यांच्या ताटापर्यंत पंच घेऊन अजून कोणी आलेलं नाही.

काचेच्या उंच ग्लासात वाढलीत तर वर थोडा फेसही दिसतो. पुण्याहून मित्र आले तर ‘अनफिल्टर्ड, फार्महाउस, सॉर’ असं सांगा, तिन्ही शब्द खरे आहेत. आंबील चौघांच्या अंदाजाने करा. पाचवा आला तर ताक वाढवा.