माइकला सगळं ऐकू येतं

आमच्या भाच्याला व्हॉइसओव्हर आर्टिस्ट व्हायचंय. जुहूत राहणाऱ्या पोराला एरवी हिरोच व्हायचं असतं. त्यामानाने हे वेड परवडणारं. बजेट पंधरा हजार. त्यात माइक, प्रीअँप, स्टँड, केबल आणि उरलेल्या पैशांत प्रसिद्धी.

महिनाभर व्हिडिओ पाहून झाल्यावर घरात कंडेन्सर माइक आला. आत सोन्याचा मुलामा दिलेला पडदा, वरून ४८ व्होल्टांचा फँटम पॉवरचा खुराक. "मामा, एवढा सेन्सिटिव्ह आहे ना, बारीकसारीक सगळं पकडतो!"

पकडलं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये भाच्याचं एक वाक्य होतं. बाकी शेजारचा मिक्सर, कुकरच्या तीन शिट्ट्या, एक कावळा आणि जुहू विमानतळावरून बॉम्बे हायकडे निघालेलं हेलिकॉप्टर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन याच विमानतळावर उतरले, तेव्हा देशाने कौतुक केलं. आमच्या भाच्याच्या करिअरचा विचार कोणी केला नाही.

"प्रीअँप भिकार आहे," भाच्याने निदान केलं.

प्रीअँपचं काम हमालाचं. माइकमधून येणारा मिलिव्होल्टांतला अशक्त सिग्नल उचलायचा आणि पुढच्या यंत्राला पुरेल एवढा मोठा करायचा. भाचा कोण आणि कुकर कोण, ही चौकशी तो करत नाही. महागडा प्रीअँप घेतला की हेलिकॉप्टर स्टुडिओ क्वालिटीत ऐकू येतं, एवढंच. शिवाय भाच्याने घेतलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या पोटात एक प्रीअँप आधीपासून होताच. हे बॉक्सवर छापलेलं होतं, व्हिडिओत नव्हतं.

मी आपलं सुचवलं, बाबा रे, साधा डायनॅमिक माइक घे. शुअरचा एसएम५८ सन १९६६ पासून गायकांच्या हातात आहे, त्याला फँटमचा खुराकही लागत नाही. थोडा बहिरा आहे. पण जुहूत बहिरेपणा हा गुण आहे. आणि माइक कुठलाही असो, तोंडाजवळ घे. अंतर निम्मं केलं की तुझा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, कुकर मात्र होता तेवढाच राहतो. हा प्रीअँप फुकट मिळतो, म्हणून त्याचा रिव्ह्यू कोणी करत नाही.

अंतराची ही विद्या जुनी आहे, तीही आपल्याच उपनगरातली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'महल' १९४९ चा. त्यातल्या एका गाण्यात दुरून जवळ येणारा आवाज हवा होता. तेव्हा प्लगिन नव्हतं. लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या.

भाच्याला पटलं, पण अर्धंच. तो माइककडे सरकण्याऐवजी माइकसह कपड्यांच्या कपाटात शिरला. आजीची गोधडी दाराला टांगली. उघड्या भिंतींवरून, टाइल्सवरून घुमणारा आवाज लगेच मेला. हेलिकॉप्टर जिवंतच. गोधडी आवाजाचं घुमणं शोषते; बाहेरचा आवाज अडवायला वजनदार भिंत लागते आणि जुहूत भिंतीचा भाव चौरस फुटावर असतो.

शेवटी कंडेन्सर डब्यात गेला. खाऱ्या दमट हवेत तो चरचरू नये म्हणून सोबत सिलिका जेलच्या पुड्या. घरात त्याच्याएवढी काळजी कोणाची घेतली जात नाही. मित्राकडून जुना डायनॅमिक आणला आणि रेकॉर्डिंगची वेळ ठरली रात्री दोनची.

परवा पहिलं काम मिळालं. एका टॉवरची जाहिरात. वाक्य एकच: 'शहराच्या कोलाहलापासून दूर, जुहूच्या निवांत कुशीत.'

सहा टेक वाया गेले. सातव्याला खालची कुत्री दमली.