बजेट खुर्द, हौस बुद्रुक

पहिली चूक म्हणजे मी चुना मागितला.

मंचरच्या दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "पानाचा, का झाडांना लावायचा?"

"भिंतीला. घाणीतला."

"साहेब, घाणी बंद झाली त्याला माझा आजा साक्षीदार होता. आणि आजा जाऊन तीस वर्षं झाली." मग आवाज खाली आणून, आजाऱ्याशी बोलावं तसं तो म्हणाला, "पुट्टी देऊ का?"

मी पुट्टीला नकार दिला. त्या नकारात जो ताठा होता तो साधारण चाळीस हजार रुपयांचा होता, कारण तेवढंच माझं अंदाजपत्रक होतं.

चुना हवा होता तो आमच्या अवसरी खुर्दच्या घरातल्या एका खोलीसाठी. ही खोली बळदाची. बळदातलं धान्य संपलं तरी नाव राहिलं. आत काय होतं ते सांगत बसत नाही, तुमच्याही घरी तेच असणार: पाय मोडलेला पाळणा, काच नसलेला कंदील, किल्ली हरवलेली एक पेटी आणि पेटी हरवलेली एक किल्ली. आणि ते फेकू नका असं सांगणारं एक माणूस. आमच्याकडे ते माणूस म्हणजे थोरली चुलती. सगळं घर तिला नानी म्हणतं.

खोली नीट करायची ऊर्मी मला घराच्या प्रेमातून आली, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण असं, की ऑफिसातल्या एकाने मुळशीला फार्महाऊस बांधलं होतं आणि दर सोमवारी डब्याच्या वेळी तो आम्हाला त्याचे फोटो दाखवायचा. मला फार्महाऊस परवडणारं नव्हतं. पण त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती: वारसा. वारशाला ईएमआय नसतो. शेणाने सारवलेली जमीन, चुन्याच्या भिंती, कोनाड्यात पणती, आणि दाराशी उभा मी, खादीच्या कुडत्यात. हा फोटो मी मनात इतक्या वेळा काढला होता, की खोली तेवढी व्हायची बाकी होती.

आणि दार तर काय दार होतं! जाडजूड सागवानी फळ्या, लोखंडी कड्या, वर गणेशपट्टी. "पेशवाईतलं आहे," असं मी एकदा डब्याच्या वेळी सहज बोलून गेलो. पुढच्या सोमवारी त्या दारातून आमच्या पूर्वजांचे घोडे बाहेर पडू लागले. त्या दाराची उंची बघता घोडे बसूनच बाहेर पडले असणार, पण ते कोणी विचारलं नाही.

आमच्या शेजारी अवसरी बुद्रुक आहे. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं. फारसीतून आलेले हे शब्द गावोगाव जोडीने नांदतात. माझ्या एकट्याच्या अंगात ही दोन्ही गावं होती. बजेट खुर्द, हौस बुद्रुक.

आता चुन्याबद्दल थोडं सांगू द्या. "थोडंच सांगतो" म्हणून मी दोन लग्नांतल्या पंगती थंड केलेल्या आहेत, तेव्हा सावध बसा.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, उकळतो आणि हळूहळू विरतो. विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. बैल फिरत राहतो आणि चुना लोण्यासारखा होतो. मग त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. कुठे उडदाची डाळ, कुठे बेलफळ, कुठे तागाचे बारीक तुकडे. म्हणजे भिंतीला जे काही खाऊ घालत, ते बाळंतिणीला घातलं असतं तर ती दहाव्या दिवशी शेतात गेली असती. आणि खरी गंमत पुढेच आहे. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कर्बवायू सावकाश ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. दगडाचा चुना, चुन्याचा परत दगड. पुनर्जन्मावर माझा विश्वास नाही, पण एवढा एक मला मान्य आहे.

दगडमातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का चालत नाही, हेही ऐकाच. अशी भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. सिमेंट तिचं नाक दाबतं. ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि एक दिवस गिलावा पापडासारखा सुटून येतो. आमच्या माजघरात चुलत्यांनी असा गिलावा केला होता. दोन पावसाळ्यांत त्याने स्वतःहून राजीनामा दिला. तेव्हा, वाचकहो, या बाबतीत मी बरोबर होतो. एवढ्या एकाच बाबतीत होतो, म्हणून जरा लांबवलं.

घाणी नव्हती, बैलही नव्हता. पुण्याहून विरलेल्या चुन्याची पोती आणली आणि बैलाच्या जागी मी उभा राहिलो. हिरडा मात्र आपल्याच तालुक्याचा. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी माणसं उन्हातान्हात झाडावर चढून बाळहिरडा काढतात, वाळवतात आणि विकतात. मी पाच किलो आणला आणि गुळाबरोबर पिंपात भिजत घातला. चौथ्या दिवशी त्या पिंपाला असा वास सुटला, की समोरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी खिडकी लावून घेतली.

मिस्त्रींनी पिंपात डोकावून विचारलं, "गूळ किती घातला?"

"जास्तच घातलाय. बळकटी यावी म्हणून."

"मग मुंग्यांना निरोप धाडला का परस्पर येतील?"

परस्पर आल्या. ओल्या भिंतीवरून त्यांची जी रांग चालली ती मी "नैसर्गिक नक्षी" म्हणून फोटोत खपवली.

नानी ओसरीवरून हे सगळं बघत होती. तिला मी लॉरी बेकरची गोष्ट सांगितली. तो इंग्रज वास्तुशिल्पी तरुणपणी मुंबईत गांधीजींना भेटला होता. आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंतूनच बांधलेलं असावं, हे गांधीजींचं बोलणं त्याने आयुष्यभर जपलं आणि पुढे केरळात गरिबांना परवडतील अशी घरं उभी केली. नानीने सगळं ऐकून घेतलं.

"पाच मैलात मंचर येतं का रं?"

"येतं की."

"मंग तिथं संडासाचं भांडं मिळतं. खुर्चीवानी बसायचं. तेवढं आण."

मी हसलो. नानीही हसली, पण तिच्या हसण्यात तोंडाचा भागच फक्त होता.

"पाच किलो हिरडा," ती म्हणाली. "आख्ख्या आळीचं पोट साफ झालं असतं. भिताडाला हिरडा पाजतो आन् माणसाला संडास न्हाई."

संडास होता. अंगणाच्या पलीकडे, गोठा ओलांडून, उसाच्या कडेला. पुण्याहून दोन दिवसांसाठी येणाऱ्याला ते अंतर म्हणजे चांदण्यातला फेरफटका. पण आमच्याकडच्या उसात बिबट्या राहतो. पाहुणा म्हणून येत नाही, राहतो. मादी उसातच विते, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात, पिंजरे लागतात, आणि पकडलेली जनावरं जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात जातात. अंधार पडल्यावर इथे कोणी एकटं घराबाहेर जात नाही. त्यातून नानीचे गुडघे.

"मग रात्री काय करतेस?"

"दिवस मावळला की पाणीच पीत न्हाई."

हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. उपासाला शेंगदाणे चालतात, अशा सुरात म्हणाली. किती वर्षं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या वर्षांत मी किती वेळा आलो, किती फोटो काढले आणि "गावाकडचं पाणी म्हणजे अमृत" असं किती जणांना सांगितलं, याचाही हिशेब द्यावा लागला असता. ओसरीवर बसून गावाचं साधेपण वाखाणणारी माणसं मला हल्ली सहन होत नाहीत. अडचण अशी, की त्यांतल्या एकाच्या अंगात माझाच कुडता असतो.

तरीही मी एक शेवटचा प्रयत्न केला. माणसाचा अहंकार गिलाव्यासारखा पटकन सुटत नाही. मी म्हणालो, "नानी, एवढी जुनी खोली, एवढं पेशवाईतलं दार, आणि आत कमोड बसवायचा?"

"कुठल्या पेशव्याचं?" नानी म्हणाली. "आरं बाळा, ते दार तुपल्या पंजाचं न्हाई. मपल्या बापाचं हाये."

नानीचं माहेर आंबेगाव. ज्याच्या नावाने आमचा तालुका आहे ते गाव. तालुक्याची कचेरी घोडेगावला, आणि नावाचं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाणी चढणार हे कळल्यावर लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली. तुळया काढल्या, कौलं काढली, दारं काढली. नानीच्या भावांना दुसरीकडे जागा मिळाली, पण तिथल्या पत्र्याच्या खोलीला हे दार बसेना. मग ते ट्रॅक्टरमधून बहिणीकडे आलं. चुलत्यांनी ते बळदाच्या खोलीला लावलं, कारण दुसरीकडे कुठे बसत नव्हतं.

"आख्खं गाव गेलं पाण्यात," नानी म्हणाली. "तू एका खोलीचं काय घेऊन बसलास?"

मी काही बोललो नाही. आमच्या पूर्वजांचे घोडे तेवढ्यात माघारी फिरले असावेत.

त्यानंतरचं काम आठ दिवसांत झालं, कारण त्यात माझं मत कोणी घेतलं नाही. गावात 2009 पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. समोरच्या खोलीतल्या ज्या पोराने माझ्या हिरड्यामुळे खिडकी लावली होती, तोच पाण्याची नळी घेऊन आला आणि पाइपाला उतार किती लागेल ते मिस्त्रींना खुणा करून देऊन गेला. मी त्याला लॉरी बेकर सांगायला लागलो. तो म्हणाला, "काका, जरा नळी धरता का?" मी धरली. सगळ्या कामात माझा सर्वांत उपयोगी हातभार तोच.

बळदाच्या कोपऱ्यात संडास-न्हाणी झाली. पांढरी फरशी, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. दोन भिंती चुन्याच्या राहिल्या, आणि मुंग्या गेल्यावर खरंच सुरेख दिसतात. जमिनीला शेण नाही, शहाबादी आहे, कारण "सारवायला तुपली बायको येणार का पुण्याहून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकूण खर्च एक लाख बारा हजार. चाळीस हजारांच्या वरचे सगळे माझ्या मुदतठेवींतून गेले, आणि त्या मोडल्याचं बायकोला हा लेख छापून आल्यावर कळेल.

दाराला मी तेलपाणी केलं, एवढंच. मिस्त्री रंधा मारायला निघाले होते, त्यांना नानीने अडवलं. आतल्या बाजूला खाली, लहान पोराच्या उंचीवर, खिळ्याने ओरखडलेल्या काही रेघा आहेत. त्या कोणाच्या, हे तिने सांगितलं नाही. पण पुसताना तिचा हात तिथे जरा हळू फिरतो.

खोली आता नानीची आहे. ज्या कोनाड्यात मी पणती ठेवणार होतो, तिथे वाटीत तिची कवळी असते. मी गावी गेलो की ओसरीवर झोपतो. रात्री ती बापाच्या दाराला आतून कडी घालते आणि पाण्याचा तांब्या उशाशी घेते. सकाळी तो रिकामा असतो.