44 पॉइंटांचा राक्षस

दहाएक वर्षं बँकांची आणि विम्याची ॲप्स सुतासारखी सरळ करून झाली, की पुण्यातल्या इंटरफेस डिझायनरला एके दिवशी गेम डिझायनर व्हावंसं वाटतं. हे साधारण अप्रेझलनंतर होतं. तोवर त्याने लोकांच्या वाटेतले खडे वेचण्यातच हयात घालवलेली असते. तीन स्क्रीनचं काम एकावर आणायचं, पाच रकान्यांचे दोन करायचे आणि ‘पुढे’ हे बटण हिरवं की निळं, यावर बाणेरच्या गारठलेल्या मीटिंग रूममध्ये एक अख्खी तिमाही घालवायची. बोटासाठी बटण किमान 44 पॉइंटांचं हवं, हा ॲपलचा दंडक तर तो झोपेतून उठवलं तरी सांगतो.

नोकरी का सोडलीस, असं विचारलं की तो शिगेरू मियामोतोचं नाव घेतो. मारिओचा हा जनक कानाझावाला इंडस्ट्रियल डिझाइन शिकला होता, ही माहिती तो जातीच्या दाखल्यासारखी पुढे करतो. “म्हणजे आपल्यातलाच की!”

मग पहिला गेम तयार होतो. किल्ला, तलवार, राक्षस. राक्षसाचं डोकं बरोब्बर 44 पॉइंटांचं. तो जागचा हलत नाही, कारण हलणारं बटण हे पाप. तलवार उगारली की चौकट येते: ‘राक्षसाला मारायचे आहे? होय / रद्द करा’. मारल्यावर पाच सेकंद ‘पूर्ववत करा’ची सोय. वर कोपऱ्यात नम्रपणे ‘राक्षस वगळा’. आठवीतला भाचा मिनिटाच्या आत सगळा किल्ला पार करतो आणि मान वर करून विचारतो, “मामा, झालं भरून. आता सबमिट कुठे करायचं?”

हा घाव वर्मी बसतो. पठ्ठ्या वाचायला लागतो. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 साली लिहून ठेवलंय की गरज नसलेले अडथळे आपखुशीने ओलांडणं, याचंच नाव खेळ. खरं तर आट्यापाट्या खेळलेल्या कुणालाही हे पुस्तकाविना कळतं. पलीकडे जायचंच असेल तर मैदानाला वळसा घालून जाता येतं की! पण आपला गडी शाळेत असताना ड्रॉइंगच्या परीक्षांना बसत होता.

आता तो दुसरं टोक गाठतो. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान तितका वेळ जास्त, हा फिट्सचा 1954 चा नियम त्याने इतकी वर्षं पाळला; आता तोच उलटा फिरवतो. राक्षस दूर, चिमुकला आणि पळपुटा. पहिल्याच दारापाशी खेळणाऱ्यांचे मुडदे पडतात आणि हा हात चोळत बघत बसतो. घरीही तेच. कुकरची रिंग कुठे ठेवलीस, असं बायकोने विचारलं तर म्हणतो, “शोधण्यातच मजा आहे.” त्या रात्री त्याला जेवणही शोधावं लागतं.

पण एक गोष्ट मात्र त्याला फार लवकर उमगते, आणि तिथे या माणसाला मानावं लागतं. ‘सेलेस्ट’सारख्या गेममध्ये पाऊल कड्यावरून निसटलं तरी क्षणाचा काही अंश उडी मारू देतात. कार्टूनमधला कोयोटी हवेत थबकतो ना, त्यावरून याला कोयोटी टाइम म्हणतात. चूक माफ होते, पण कुणी तसं सांगत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, काय वेळ साधली आपण! इतकी वर्षं आपला गडी लोकांच्या चुका लाल अक्षरांत, अत्यंत सभ्य भाषेत, त्यांच्या पदरात घालत होता. हे कळल्यावर तो रात्र रात्र बसून कडे घडवतो. उडीचा वेळ किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, भाच्याला चॉकलेट देऊन पुन्हा पुन्हा पाडतो. आता भाचा पडल्यावर चिडतो आणि लगेच परत खेळायला घेतो.

यथावकाश नोकरी लागते. कार्डावर ‘गेम डिझायनर’. पेढे वाटून होतात. पहिल्या दिवशी काम मिळतं ते दुकानाच्या स्क्रीनचं, म्हणजे खऱ्या पैशांनी नाणी विकत घ्यायच्या जागेचं. कडे, राक्षस, दारं दुसरे लोक बघतात. तुमचा बँकेचा अनुभव आहे ना!

तो मन लावून स्क्रीन करतो. बटण 44 पॉइंटांचं, अंगठ्याच्या टप्प्यात. आणि दाबलं की जुन्या सवयीने चौकट: ‘खात्यातून 499 रुपये जातील. खात्री आहे?’

मालक बघतो आणि कपाळाला आठ्या घालतो. “हा राक्षस कशाला उभा केलास मध्ये? काढ आधी.”