कॅप्सूलकाका

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आलेला माणूस आधी धापा टाकतो आणि मग बोलतो. कॅप्सूलकाका आधी सल्ला देतात, धापा सवडीने. वय पंचाहत्तर, वास्तव्य सदाशिव पेठ, निवृत्ती बँकेतून आणि शर्टाच्या वरच्या खिशात एक चपटी डबी. डबीत व्हिटॅमिन ईच्या हिरव्या, आरपार दिसणाऱ्या टपोऱ्या कॅप्सूल. "घे, ई आहे," असं म्हणत तीर्थ दिल्यासारखी एक समोरच्याच्या तळहातावर ठेवतात.

पायात वांब येतात? ई घे. केस गळतात? ई. जावई उलट बोलतो? त्यालाही ई, आणि दोन तूही घे, सहनशक्ती वाढेल.

हेच काका मंडईत चार कैऱ्या घ्यायला बारा कैऱ्या दाबून बघतात. सोसायटीच्या जमाखर्चात सात रुपयांचा फरक निघाला म्हणून त्यांनी सर्वसाधारण सभा अडीच तास लांबवली होती. कॅप्सूलच्या बाबतीत मात्र हिशोब नाही. प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम ई पुरतं, तेही अमेरिकी मापाने. कॅप्सूलच्या पाकिटावर ४०० लिहिलेलं असतं. कृत्रिम ई अंगी कमी लागतं, ती सूट दिली तरी गरजेच्या दहापटीच्या वर जातं. बँकेत एवढी तफावत निघाली असती, तर काकांनी कॅशियरला घरी जाऊ दिलं नसतं! शिवाय काकूंच्या फोडणीत सूर्यफुलाचं तेल आणि कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतंच. म्हणजे काकांच्या ताटात ई रोज येतं, फक्त त्याला डबी नसते.

मुलगा न्यू जर्सीत. इकडून बाकरवडी जाते, तिकडून बाटल्या येतात. "अमेरिकेतली आहे, उगाच विकत नाहीत तिथे," असं काका बाटली हलवून सांगतात. तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार अशा पूरक गोळ्या बाजारात आणण्याआधी सरकारी मंजुरी लागतच नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं. "कायदे काय, आपल्याकडेही आहेत," म्हणाले.

मग मी तिथलाच मोठा प्रयोग पुढे केला. २००१ मध्ये सुरू झाला, पस्तीस हजारांहून जास्त पुरुष, त्यांतल्या काहींना रोज ४०० युनिट ई. म्हणजे जवळजवळ काकांची हिरवी कॅप्सूलच. प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. २०११ मध्ये निकाल आला तेव्हा नुसतं ई घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी जास्त निघाला. आता प्रोस्टेट हा पर्वतीवरच्या पेन्शनरांचा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे कट्ट्यावर शांतता पसरली. काकांनी डबी खिशात सरकवली आणि विचारलं, "ती माणसं पर्वती चढत होती का?"

निकाल लागला. शांतता संपली.

काकांची खरी करामत वेगळीच. गुण सांगायचा असेल तेव्हा ई हे रामबाण औषध असतं. धोका विचारलात की तेच ई नुसतं जेवण होतं: "अरे, व्हिटॅमिन आहे ते, औषध थोडंच?" दाढ काढायला गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी काकांनी सांगितली. ई सांगितलं नाही, कारण ते जेवण. जास्त मात्रेतलं ई रक्त गोठण्याच्या आड येतं आणि अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिनसारख्या गोळीच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका आणखी वाढवतं. दाढ निघाली, रक्त काही लवकर थांबेना. काका दोन दिवस कापसाचा बोळा दाताखाली दाबून गप्प बसले होते. पेठेने एवढी निवांत दुपार बऱ्याच वर्षांत अनुभवली नव्हती.

काकूंचा मार्ग निराळा. त्या कॅप्सूलला टाचणी टोचून तेल चेहऱ्याला लावतात. एका लग्नाआधी गालावर लाल चट्टे उठले, कारण काहींच्या कातडीला ई मानवत नाही. त्यांनी दोष साबणाला दिला. काकांनी उपाय सांगितला, तो तुमच्या लक्षात आलाच असेल.

तसं ई वाईट नाही. ज्यांच्या आतड्यांना चरबी पचत नाही, त्यांना ते द्यावंच लागतं. यकृताच्या काही विकारांतही डॉक्टर मात्रा ठरवून, लक्ष ठेवून देतात. फक्त तिथे मात्रा डॉक्टर ठरवतात, खिसा नाही.

तुमच्या घरीही असे एखादे काका असतील. त्यांना समजावत बसू नका, तुम्हीच दोन कॅप्सूल घेऊन परत याल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे, विशेषतः ऑपरेशनआधी, त्यांना नेताना घरातल्या सगळ्या डब्या आणि बाटल्या एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन मांडा. काका स्वतःहून सांगणार नाहीत.