पाचर

कसाऱ्याहून खोडाळ्याला येणारा रस्ता विहीगाव सोडलं की ढगातच शिरतो. श्रावणात तर इथे दोरीवरचा टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही. अशा दिवसांत सागाची फळी चिरायला निघालेला शहाणा म्हणजे मी. घरात एक फडताळ हवं होतं, एवढंच.

मिस्त्रींचं कटर मशीन म्हणजे लाकडी टेबल, खाली मोटर आणि मधून डोकावणारी दहा इंची पाती. फळी निम्मी चिरली आणि यंत्र कण्हू लागलं. धूर, करपट वास, कडेला काळा डाग.

पावसामुळे आडोशाला थांबलेले तिघे लगेच वैद्य झाले. एक म्हणाला, व्होल्टेज कमी आहे. दुसऱ्याला पट्टा ढिला वाटला, तिसऱ्याला दात बोथट. सगळीच दुखणी खरी असू शकतात. दातांवर चीक बसला तरी पाती कापायची सोडून घासायला लागते. मिस्त्रींनी पिन काढली, पट्टा दाबून पाहिला, दात पुसले, गाईडचं अंतर पातीच्या पुढून-मागून मोजलं. मग फळीत नख रुतवून माझ्याकडे बघितलं.

"सर, हे लाकूड वाळलंय कधी?"

ओलं लाकूड चिरलं की चीर मागून मिटते आणि पाती चिमटीत सापडते. मिनिटाला 2800 फेरे धरले, तर त्या पातीचे दात ताशी 130 किलोमीटरच्या वर धावतात. तिने झिडकारलेली फळी थेट चिरणाऱ्याच्या पोटात. मिस्त्री म्हणूनच पातीच्या रेषेत उभे राहत नाहीत. कारखान्यातल्या यंत्राला चीर उघडी ठेवायला पातीमागे एक पोलादी पट्टी असते. इथे बांबूची पाचर आली.

आपण पाचर मारतो ती दुसऱ्याचं काम अडवायला. ही मात्र काम चालू ठेवत होती! पंचतंत्रातल्या माकडाने अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातून अशीच पाचर उपटली होती. मुलांच्या पुस्तकात त्याचं शेपूट अडकतं. मूळ संस्कृतात काय अडकतं, ते मिस्त्रींना सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले.

आता फळी सुरळीत सरकू लागली. हातभर उरली, आणि वीज गेली.

आम्ही चहाकडे वळलो. मिस्त्री मात्र आधी बटण बंद करायला मागे फिरले.

"आली की सांगून येत नाही ती."