आतून पाठिंबा

गिल्बर्ट लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचं नाव नोबेलसाठी ४१ वेळा सुचवलं गेलं आणि एकदाही लागलं नाही. लातूरच्या क्लासला असता तर मेसवाल्या मावशींनीसुद्धा त्याला सांगितलं असतं, "अजून एक वर्ष रिपीट मार बाबा."

याच लुईसनं १९१६ साली अणूभोवती बंधात भाग घेणाऱ्या, म्हणजे व्हॅलन्स, इलेक्ट्रॉनचे ठिपके मांडायची पद्धत दिली. सोडियमभोवती एक ठिपका, क्लोरीनभोवती सात. सोडियमनं आपला देऊन टाकला, क्लोरीनचे आठ भरले, मीठ तयार. इथवर सगळं सरळ. पुढं लोखंड-तांब्यासारख्या धातूंचा डी ब्लॉक लागतो आणि माझा फोन वाजतो. भाची आमची नांदेडची, पण प्रवेश परीक्षेच्या तयारीला लातूरला. नांदेडात क्लासेसची काय कमी! पण 'लातूर पॅटर्न' म्हटलं की दाजी कुणाचं ऐकत नाहीत.

"मामा, लोखंडाचे व्हॅलन्स इलेक्ट्रॉन किती धरायचे? एक सर दोन म्हणायलेत, दुसरे आठ."

दोघंही सर खरे, हीच पंचाईत. बाहेरच्या फोर-एस उपकवचात दोन, आतल्या थ्री-डीमध्ये सहा. नांदेड-लातूरनं महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिलेत; इथल्या पोरांना हे संख्याबळ कठीण जाऊ नये. फोर-एसचे दोन उघड सरकारात, थ्री-डीच्या सहांचा आतून पाठिंबा. सरकार पडायची वेळ आली की आधी फोर-एसवाले बाहेर. मग आतला एखादा फुटतो. लोखंड तीन गमावून बसतं आणि गंज चढतो. क्रोमियमचा तर फोर-एसमधला एक आधीच थ्री-डीत जाऊन बसलेला असतो, कारण तिथं पाच झाले की अर्धं घर नीट भरतं. मँगनीजचे सातच्या सात कामाला लागतात, तेव्हा विहिरीत टाकायचं ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट होतं. जस्ताचे आतले दहा मात्र रिसॉर्टवर नेऊन ठेवल्यासारखे. कुणी कितीही निरोप धाडा, बाहेर येत नाहीत.

आता या सगळ्यांचे ठिपके काढा! नुसते फोर-एसचे काढले तर स्कँडियमपासून जस्तापर्यंत जवळपास सगळ्यांना दोन-दोनच. क्रोमियम आणि तांब्याला तेवढा एक. म्हणजे चित्र काढून कळलं काय? बरं, लोखंडाला आठही दिले, तर ते हुबेहूब निऑनसारखं दिसतं. निऑन कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि लोखंड नुसत्या दमट हवेनं गंजणारं! तांब्याचे अकरा झाले, तर चार बाजूंना दोन-दोन मांडून उरलेले तीन कुठं बसवायचे? म्हणून शहाणी पुस्तकं डी ब्लॉकला ठिपक्यांच्या वाटेला जातच नाहीत. सरळ इलेक्ट्रॉन संरूपण लिहितात.

हे सगळं मी रंगात येऊन सांगत होतो. दाजी कॉन्फरन्सवर आहेत हे विसरलोच होतो.

"पाव्हणं," ते म्हणाले, "दोन बी नको अन् आठ बी नको. बरोबर उत्तराला चार मार्क हायेत, ते कसे पडतेत तेवढं सांगा."